बसून चालवायचा लॉन मोअर घ्यावा का?

जूनचा पाऊस स्थिरावला की नाशिकच्या लॉन्सवाल्यांची, फार्महाऊसवाल्यांची आणि रिसॉर्ट चालवणाऱ्यांची एकच ओरड सुरू होते: गवत आवरत नाही. गंगापूर रोड असो, त्र्यंबक रोड असो की छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता, लग्नाच्या लॉन्सना एकरा-दोन एकराची हिरवळ असते. गंगापूर धरणाच्या पाण्यालगत आणि गिरणाऱ्याच्या बाजूला फार्महाऊस आहेत. सातपूर-अंबडचे कारखाने, शाळा आणि मोठ्या सोसायट्या यांचीही आवारे हिरवी असतात. माळी ब्रश कटर खांद्याला अडकवून सकाळपासून फिरतो, एक टोक संपेपर्यंत दुसरे टोक वाढलेले असते. मग कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो. त्यात खुर्चीवर बसून, स्टिअरिंग फिरवत, एक माणूस अर्ध्या तासात अख्खे मैदान गुळगुळीत करतो. छोटा, ‘बजेट’ म्हणून विकला जाणारा हा मोअर घ्यावा, असे वाटणे साहजिक आहे.

घ्या किंवा घेऊ नका, पण आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हे यंत्र मोकळ्या गवतावरचे माणसाचे चालणे वाचवते. त्यापलीकडे फारसे काही वाचवत नाही. कडा, झाडांची आळी, पायऱ्या, उतार आणि स्टेजच्या मागची बोळ यांचे काम जसेच्या तसे राहते. त्यामुळे प्रश्न जागा किती एकर आहे हा नाही. त्यातले मोकळे गवत किती, आणि तिथे यंत्र वर्षातले किती दिवस चालू शकेल, हा आहे.

आधी टेप घेऊन मोजा

सातबाऱ्यावरचा आकडा इथे कामाचा नाही. इमारत, पार्किंग, रस्ता, स्वयंपाकाची शेड आणि फुलझाडांचे वाफे वजा करा. उरलेल्या हिरवळीत किती अडथळे आहेत ते मोजा: झाडे, दिव्यांचे खांब, स्प्रिंकलरची तोंडे, कारंजे, बसायचे कट्टे. प्रत्येक अडथळ्याभोवती हातभर पट्टा असा राहतो की तिथे बसून चालवायचे यंत्र पोहोचत नाही, तिथे ट्रिमरच लागतो. दहा गुंठ्यांत पंधरा झाडे असतील तर ती जागा या यंत्रासाठी मोकळी धरू नका.

मग फाटके मोजा. लहान मोअरचा डेक, म्हणजे ज्या पोलादी झाकणाखाली पाते फिरते तो भाग, साधारण ३० इंच रुंद असतो. बाजूने गवत फेकणारी झडप धरली की यंत्राची रुंदी त्याहून बरीच जास्त होते. तीन फुटांच्या फाटकातून ते जाईलच असे समजू नका. ठेवायला छप्पर, पाणी न साचणारी फरशी आणि शेडपासून हिरवळीपर्यंत पायरी नसलेली वाट, हेही बघावे लागते.

वेळेचा हिशेब

मागून ढकलायच्या मोअरचे पाते साधारण १८ इंची असते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवावी लागते, वळणात वेळ जातो, गवताची पिशवी रिकामी करावी लागते. हे सगळे धरले तर तासाला साधारण नऊ गुंठे होतात. ३० इंची बसायचा मोअर त्याच हिशेबाने तासाला वीस-एकवीस गुंठे कापतो. म्हणजे एक एकर, अर्थात ४० गुंठे, मोकळ्या गवताला पहिल्याला साडेचार तास आणि दुसऱ्याला दोन तास लागतात. वाचले अडीच तास.

आता वर्षभरात कापण्या किती? मध्य जूनपासून मध्य ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला एक आणि बाकीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी एक, अशा साधारण ३५ कापण्या होतात. एका एकरामागे वर्षाला सुमारे ८८ तास, म्हणजे आठ तासांचे अकरा दिवस वाचतात.

पैशाचा हिशेब

माळ्याची रोजी ७०० रुपये धरू. तुमच्याकडे जो दर चालतो तो टाका. अकरा दिवसांचे ७,७०० रुपये झाले. यंत्र समजा तीन लाखांना पडले आणि दहा वर्षे चालले, तर नुसती वर्षाची झीज ३०,००० रुपये. त्यात व्याज नाही, सर्व्हिसिंग नाही, सुटे भाग नाहीत. एका एकरावर हा व्यवहार सरळसरळ तोट्याचा आहे. मजुरीच्या बचतीवर यंत्राची किंमत निघायला मोकळे गवत चार एकरांच्या आसपास हवे. रोजी दुप्पट झाली तर हाच आकडा दोन एकरांवर येतो.

अमेरिकेत अर्ध्या-पाऊण एकराच्या घरालाही असा मोअर लागतो, कारण तिथे मजूर महाग आहे आणि घरमालक स्वतःच गवत कापतो. तिथल्या जाहिरातीत लिहिलेली ‘एक एकरापर्यंत योग्य’ ही शिफारस यंत्राच्या ताकदीबद्दल असते, आपल्या पैशांबद्दल नसते.

तरीही चार एकरांच्या आत खरेदी योग्य ठरेल अशा तीन परिस्थिती आहेत. पहिली, लॉन्सच्या तारखा लागोपाठच्या असतील आणि काल रात्रीचे लग्न उठल्यापासून आज संध्याकाळच्या स्वागत समारंभापर्यंत पाच-सहा तासच हातात असतील. तिथे वाचलेल्या तासाची किंमत रोजीने मोजता येत नाही. दुसरी, माणूस मिळतच नसेल. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी आणि पुढे द्राक्षांची काढणी सुरू झाली की लॉनवर यायला मजूर सापडत नाही, हे ज्याला लॉन सांभाळावे लागते त्याला ठाऊक आहे. तिसरी, मालक निवृत्त आहे, गवत स्वतःच कापतो, आणि गुडघे आता ढकलमोअरमागे चार तास चालू देत नाहीत. यांपैकी काहीच लागू नसेल, तर त्याच पैशांच्या छोट्या हिश्श्यात स्वतः पुढे सरकणारे २१ इंची दोन मोअर आणि एक चांगला चार-स्ट्रोक ब्रश कटर येतो. दोन माणसे एकाच वेळी काम करतात, आणि एक यंत्र बिघडले तर दुसरे चालू राहते.

वाफसा नसेल तर यंत्र शेडमध्येच

नाशिकच्या हवामानाने या हिशेबात एक तिढा घातला आहे. गवत सर्वांत जोमाने वाढते ते आषाढ-श्रावणात, म्हणजे नेमके चातुर्मासात, जेव्हा लग्नाच्या तारखा नसतात. तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू होते तेव्हा थंडी पडते, निफाडचा पारा एक आकडी होतो आणि उष्ण हवामानातले लॉनचे गवत वाढायचे जवळजवळ थांबते, पिवळेही पडते. तेव्हा लागते ते पाणी आणि खत. कापायला फारसे उरत नाही.

आणि ज्या दिवसांत कापायला भरपूर असते, त्या दिवसांत जमीन यंत्राला उभे करत नाही. आपली काळी माती चिकट. झड लागली की दीडशे-दोनशे किलोचे यंत्र आणि वर बसलेला माणूस यांच्या वजनाने चाकोऱ्या पडतात आणि उन्हाळ्यात त्याच घट्ट होऊन राहतात. ओले गवत डेकच्या आत थापल्या गोवरीसारखे चिकटते, पात्याला हवा ओढायला जागा राहत नाही आणि मागे न कापलेल्या रेघा उरतात. शेतात नांगर घालायला जसा वाफसा बघता तसाच तो इथेही बघावा लागतो. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूची जागा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये असे कोरडे दिवस फार थोडे मिळतील. सिन्नर-चांदवडकडे ते पुष्कळ मिळतात, पण तिथे गवतच कमी वाढते. मुरमाचा भराव आणि पाण्याचा निचरा चांगला असलेल्या लॉनवर मात्र उघाड मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी यंत्र घालता येते. म्हणून एक पावसाळा वहीत नोंद ठेवा: कोणत्या दिवशी बुटाचा ठसा न उमटता लॉनवर चालता आले. खरेदीचा निर्णय त्या वहीवरून जितका पक्का होईल तितका शोरूममध्ये होणार नाही.

गवत कोणते आणि जमीन किती सपाट

सिलेक्शन वन किंवा साध्या हरळीचे लॉन असेल तर रोटरी पात्याचा मोअर चालतो. ही जात जोमाने पसरते आणि नियमित कापणी सोसते. मेक्सिकन लॉनचे तसे नाही. ते हळू वाढते आणि नियमित कापले नाही तर जागोजागी उशांसारखे फुगते. रुंद डेक अशा उंचवट्यावरून गेला की शेंडा मुळापर्यंत सोलला जातो आणि बाजूचा खळगा तसाच राहतो. मेक्सिकन लॉनचे मालक असाल तर आधी माती-वाळूची भर घालून जमीन सपाट करा, मोअरचा विचार नंतर.

कोणतेही गवत एका वेळी त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पावसाच्या झडीत आठवडा चुकला आणि गवत सहा इंचांवर गेले, तर एकदम दीड इंचावर आणायचा मोह टाळा. आधी चार इंचांवर, मग चार-पाच दिवसांनी खाली. बजेट मोअरचे इंजिन उंच ओल्या गवतात कण्हायला लागते ते याच चुकीने. क्रिकेटच्या मैदानासारखा गालिचा हवा असेल तर त्याला दंडगोल पात्यांचा रील मोअर लागतो. तो कात्रीसारखा कापतो, रोटरी पाते तडाखा देऊन तोडते. दोन्हीकडून एकाच कामाची अपेक्षा नको.

मिनी ट्रॅक्टर आहे, त्याने होणार नाही का?

द्राक्षबागायतदाराच्या डोक्यात हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. आठ-नऊ फुटांच्या ओळींतून फवारणीचा ब्लोअर ओढायला त्याच्याकडे २० ते २७ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर बहुधा असतोच: महिंद्राचा जिवो, कुबोटाचा निओस्टार, किंवा तसाच एखादा. त्याच्या पीटीओवर स्लॅशर बसवला की बांधावरचे, बागेतले, फार्महाऊसच्या मागच्या पडीक तुकड्यातले गवत झटक्यात निघते. ज्यांना हिरवळ शोभेसाठी नको, साप-विंचू दूर ठेवण्यापुरते गवत आटोक्यात हवे आहे, त्यांनी मोअरच्या भानगडीत पडूच नये. असलेल्या ट्रॅक्टरला स्लॅशर किंवा मल्चर जोडावा.

शोभेच्या लॉनवर मात्र हा उपाय महागात पडतो. सहाशे-सातशे किलोंच्या पुढचे वजन आणि शेतीच्या टायरची खोल नक्षी यांनी वळणावर गवताचे चकदे निघतात. लॉनसाठी वेगळे रुंद, कमी नक्षीचे टायर आणि फिनिश मोअर जोड लागतो. एवढा खर्च तेव्हाच पटतो, जेव्हा तोच ट्रॅक्टर बागेत वर्षभर राबणार असतो. अजून ट्रॅक्टर घेतलेला नसेल आणि शेतीसाठी घ्यायचाच असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हे कोटेशन घेताना लक्षात असू द्या. महिंद्राच्या स्वराज विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘कोड’ नावाचे पेट्रोलवरचे अरुंद, बसून चालवायचे यंत्र आणले. तेही भाजीपाला आणि फळबागेतल्या आंतरमशागतीसाठी आहे. आकार पाहून त्याला लॉन मोअर समजू नका.

आणखी एक फरक आहे. ट्रॅक्टरला एमएच १५ चा नंबर मिळतो आणि तो रस्त्याने दुसऱ्या जागी नेता येतो. लॉन मोअर रस्त्यावर चालवायचे वाहन नाही. दोन जागांसाठी एक यंत्र घ्यायचे ठरवले, तर दर वेळी छोटा टेम्पो आणि चढ-उतारासाठी फळ्या लागतील. तीन मित्रांनी मिळून एक मोअर घेण्याचा बेत बहुधा इथेच फसतो.

स्वस्तात काय कमी असते

बजेट मॉडेलमध्ये साधारणपणे एक सिलिंडर, १० ते १३ अश्वशक्ती, एकच पाते आणि हाताने बदलायचे गिअर असतात. सपाट जागेवर एवढे पुरते. कमी असते ते तीन ठिकाणी. डेकचा पत्रा पातळ असतो आणि ओल्या गवताने आतून गंजतो. मागच्या अॅक्सलची गिअरपेटी हलकी असते, म्हणून त्यामागे रोलर किंवा मातीने भरलेली ट्रॉली ओढायची नाही. आणि गवत गोळा करायची पिशवी बहुधा वेगळी विकत घ्यावी लागते. लग्नाच्या लॉनला पिशवी लागतेच, कारण पाहुण्यांच्या पैठण्यांना गवताचा चुरा चिकटलेला कोणी खपवून घेणार नाही. कोटेशनमध्ये पिशवीची किंमत धरूनच तुलना करा.

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पाते, पट्टा आणि पात्याचा स्पिंडल नाशिकमध्ये साठ्यात आहे का, की मागवायचा? मागवायचा असेल तर किती दिवस? सर्व्हिसला माणूस जागेवर येतो का? इंजिन कोणत्या कंपनीचे आहे? नावाजलेल्या कंपनीचे इंजिन असेल तर दुसरीकडेही भाग मिळतात. अंबड-सातपूरला लेथवर स्पिंडलचे घर बनवून देणारे, डेकला पत्रा जोडून देणारे कारागीर आहेत, ही आपली जमेची बाजू. पण गिअरपेटी किंवा कार्ब्युरेटर कोणी लेथवर बनवून देत नाही.

ट्रायल तुमच्याच लॉनवर घ्या. दहा गुंठे आखा, घड्याळ लावा आणि तुमच्या माळ्यालाच चालवायला द्या, विक्रेत्याच्या माणसाला नाही. कापल्यावर उलट दिशेने उभे राहून बघा: फेऱ्यांच्या मध्ये रेघा उरल्या का, वळणावर गवत खरडले का. जुने यंत्र घेत असाल तर इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा, जाड हातमोजे घाला आणि पाते हाताने वर-खाली हलवून बघा. खेळ लागला तर स्पिंडलचे बेअरिंग गेलेले आहे. डेकच्या खाली वाकून गंज बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पेट्रोल आणि देखभाल

पंपावर आता सर्रास मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. मोअरच्या लहान इंजिनांच्या पुस्तिकांत बहुधा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची परवानगी असते. घेण्याआधी पुस्तिकेतले ते पान उघडून दाखवायला सांगा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि यंत्र दोन महिने उभे राहिले की कार्ब्युरेटरमध्ये चिकट साका धरतो. हंगाम संपताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. ऑइल पहिल्या पाच-आठ तासांनी आणि मग दर ५० तासांनी बदला. पात्याला दर २५ तासांनी धार लावा, आणि उन्हाळ्याच्या धुळीत एअर फिल्टरही त्याच वेळी झाडा. एका एकराला वर्षाला ७० तास धरले, तर ही कामे फार नाहीत. पण ती कोण करणार याचे नाव ठरलेले असू द्या.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी

पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर असू शकतो. आता लग्न उठल्यावरचे लॉन आठवा: मंडपवाल्याची विसरलेली लोखंडी खुंटी, रोषणाईच्या वायरचे तुकडे, हारांची तार, स्टेजच्या कापडाचे खिळे, फुटलेला ग्लास, प्लास्टिकचे चमचे. यातली एक खुंटी पात्यात आली तर स्पिंडल वाकतो, आणि उडाली तर पंचवीस-तीस फुटांवरच्या माणसाला जायबंदी करते. म्हणून आधी माणसांची एक रांग लॉन पिंजून काढेल, मगच यंत्र सुरू होईल, हा नियम मंडपवाल्याच्या करारातच घाला. लोखंडी खुंट्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या.

धरणाकाठच्या जागांना उतार असतो. १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर बसायचा मोअर नेऊ नये, असे बहुतेक कंपन्या सांगतात. दहा फुटांत पावणेतीन फूट चढ म्हणजे १५ अंश. मोबाइलमध्ये उतार मोजायचे अॅप असते, ते वापरा. मर्यादेतल्या उतारावर मोअर वर-खाली चालवायचा, आडवा नाही. पाण्याच्या कडेपासून चार-पाच फुटांचा पट्टा ट्रिमरसाठी सोडा. सीटखालचा स्विच माणूस उठताच पाते बंद करतो. त्रास होतो म्हणून वायर जोडून तो निकामी करून देणारे मेकॅनिक भेटतील, त्यांना नाही म्हणा. आणि मुलाला मांडीवर बसवून फेरी मारायची नाही, कितीही हट्ट केला तरी.

मग कोणी घ्यावा?

मोकळे, सपाट, हरळी किंवा सिलेक्शन वनचे गवत चार एकरांच्या पुढे असेल, निचरा चांगला असेल आणि सुटे भाग नाशिकमध्ये मिळत असतील, तर घ्या. दोन ते चार एकर असतील तर लागोपाठच्या तारखा किंवा मजुरांची टंचाई तुमच्या जागेला खरोखर लागू आहे का, हे बघून ठरवा. दोन एकरांच्या आत ढकलायचे दोन चांगले मोअर पुरतात. त्याला अपवाद फक्त स्वतः कापणाऱ्या आणि गुडघे थकलेल्या मालकाचा. मेक्सिकन लॉन, भरपूर झाडे, पायऱ्या-पायऱ्यांची जागा किंवा घाटमाथ्याचा पाऊस असेल तर किती का एकर असेना, पैसे वाचवा.

खरेदीची घाई असेल तरी ती जूनच्या तोंडावर करू नका. या पावसाळ्यात वाफशाची वही भरा, दिवाळीनंतर ट्रायल घ्या, आणि ठरले तर फेब्रुवारी-मार्चमध्ये यंत्र आणा. म्हणजे माळ्याचा हात कोरड्या जमिनीवर बसेल, पहिल्या ऑइलबदलापर्यंतच्या कुरबुरी वॉरंटीत निघतील, आणि लॉनमधला कोणता कोपरा लावणीतून काढून दगड-मुरमाचा करायचा, हेही तोपर्यंत कळेल. तो कोपरा कमी झाला तर कदाचित यंत्राची गरजच उरणार नाही, आणि टँकरचा खर्चही घटेल.